सुमनबाईंचं दही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, सिहोऱ्याच्या माझ्या बहिणीलाही नाही. देवासमोर दर गुरुवारी बसते, पण तिथेही हा विषय मनात आला की टाळ जरा जोरात वाजवते.

आज दुपारची सगळी कामं आटोपून लिहायला बसले आहे. भांडी झाली, दळण आलं, विजेचं बिल भरलं, धानाच्या बोऱ्यांवर ताडपत्री टाकून झाली. कामं उरली नाहीत म्हणजे उठायला निमित्त राहत नाही, असा हिशेब होता. तरी मघाशी एकदा उठलेच — गॅस बंद आहे का ते बघायला. बंदच होता.

मी अशीच आहे. घरात, शेतात, बचत गटात, मंडळात — कुठलं काम कुणी कधी करायचं ते माझ्याकडे लिहिलेलं असतं. झालेल्या कामावर काट मारली की मला बरं वाटतं. माझी ही सवय लोकांना गुण वाटते. मलाही वाटायची.

आधी या गोष्टीतली माणसं कोण आहेत ते सांगते. त्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

मी लग्न होऊन एकोडीकडच्या या गावात आले तेव्हा मला इथलं कुणी ओळखीचं नव्हतं. सासू कडक, पण मनाची चांगली. पहिल्याच आठवड्यात ती मला मारुतीच्या देवळात बायकांच्या भजनी मंडळात घेऊन गेली. मला गाता येत नाही — आजही येत नाही. मी दाराशी अंग चोरून बसले होते. तेव्हा सुमनबाई उठून माझ्याजवळ आल्या. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठ्या, अंगाने काटक, कपाळाला मोठं कुंकू. त्यांनी माझ्या हातात टाळ दिले.

"गाता नाही येत तं वाजव," त्या म्हणाल्या. "वाजवता नाही येत तं नुसती बसून राय. पण येत जा."

मी जात राहिले. माझं पुढचं सगळं आयुष्य या एका वाक्यातून निघालं असं म्हटलं तर खोटं होणार नाही — आणि खोटं कशाला म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे.

माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन नेमकं रोवणीच्या दिवसांत निघालं. नवरा माझ्यासोबत भंडाऱ्याच्या दवाखान्यात. इकडे पऱ्हे वाढून चाललेले — धानाची ही रोपं वेळेत चिखलात लावली नाहीत तर हंगाम गेला. मजूर मिळेनात. त्या दिवसांत मंडळाच्या बायका आमच्या धानाच्या बांधीत उतरल्या. स्वतःची रोवणी मागे ठेवून. त्यांना घेऊन आल्या होत्या सुमनबाई. हरिपाठ म्हणत म्हणत त्यांनी आमचं सगळं शेत लावून दिलं. मला घरी आल्यावर कळलं. मी मजुरीचं विचारायला गेले तर इंदूबाई — आमच्या मंडळातली सगळ्यात तिखट जीभ — म्हणाल्या, "तू हिशेब मांडून ठेव. आमी पुढच्या जन्मी घेतो."

सासू गेली तेव्हाही याच बायका होत्या. तेरवीपर्यंत आमच्या घरी चूल पेटली ती त्यांच्या हातानं. आणि नंतर, मी घरात नुसती बसून राहते हे पाहून, सुमनबाईंनीच मंडळाचं पहिलं काम माझ्या अंगावर टाकलं — सप्ताहाच्या पंगतीचं. कोण भाजी चिरणार, कोण वाढणार, पाणी कुठून येणार. मी ते असं काही केलं की लोक पाहत राहिले. मला हे येतं, हे मलाच माहीत नव्हतं. माझ्यात काय आहे ते मला या बायकांनी दाखवलं. आई-वडिलांनी जन्म दिला, हे खरं. पण आज जी वंदना गावात वावरते ती या मंडळानं घडवली.

मग गावात एक बोलणं रूढ झालं — "वंदनाले सांगितलं म्हंजे झालं."

या बोलण्यावर मी जगायला लागले. आणि ते खोटं ठरेल या भीतीवरही.

सासूच्या नावानं आम्ही मंडळाला एक मोठा पितळी गंज, म्हणजे खोलगट पातेलं, दिला. काठावर तिचं नाव कोरून घेतलं. गावाच्या सप्ताहाचा शेवट काल्यानं होतो — काल्याचं कीर्तन, मग दही, लाह्या, काकडी, लोणचं असं सगळं एकत्र कालवून सगळ्यांच्या ओंजळीत प्रसाद. काल्यात मान दह्याचा, आणि दह्याचा मान सुमनबाईंचा. घराघरातून दूध त्यांच्याकडे जायचं. त्या ते तापवायच्या, बोट घालून बघायच्या, मडक्यांत विरजायच्या आणि थंडी असली तर मडकी घोंगडीत गुंडाळून ठेवायच्या. बाहेरगावची माणसं कीर्तनाला उशिरा आली तरी काल्याला वेळेवर यायची, ती त्या दह्यासाठी. सुमनबाईंकडे दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतं. नवरा लवकर गेलेला, शेत थोडं, गाणं बेताचं. पण काल्याच्या दिवशी सगळं गाव त्यांच्याकडे बघायचं.

इथपर्यंत लिहायला काही वाटलं नाही. आता पुढचं वाक्य दोनदा खोडलं आहे.

पितळेला आतून कलई लागते, हे तुम्हाला माहीतच असेल. कलई गेली आणि आंबट पदार्थ त्यात राहिला की तो कळकतो — हिरवट पडतो, तोंडाला कसासाच लागतो, पोटात ढवळतं, माणूस उलट्या करतो. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला हे कळतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्या वर्षी गंजाची कलई उडाली होती. बुडाशी पिवळे डाग दिसत होते. सप्ताहाआधी कलई करून आणायचं काम माझ्याकडे होतं. मी गंज घेऊन एसटीनं साकोलीला गेले. कलईवाल्याचं दुकान बंद. शेजारच्या सायकलवाल्यानं सांगितलं की तो लग्नाला त्याच्या गावाला गेला आहे, चार-पाच दिवस यायचा नाही. काला त्याच्या आतच होता.

मी काय करायला हवं होतं? गावात येऊन एवढंच सांगायचं होतं — कलई झाली नाही, काला मडक्यांतच कालवू. कुणी काही म्हटलं नसतं. पूर्वी मडक्यांतच तर व्हायचा.

मी पितळ घासायची पावडर विकत घेतली. घरी येऊन गंज बाहेरून असा चमकवला की त्यात तोंड दिसावं. आतून चिंच लावून घासला, त्यानं डाग थोडे फिकट झाले. वर फडकं बांधलं. आणि इंदूबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "झाली." कामावर काट मारली.

का? मी हे स्वतःला कितीदा विचारलं आहे. सासूचं नाव गावासमोर चमकावं म्हणून? ते होतंच. पण खरं कारण त्याहून लहान आहे. "वंदनाले सांगितलं म्हंजे झालं" — आणि झालं नव्हतं. तेवढंच. तेवढं मला सोसलं नाही. मनात म्हटलं, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, दही ओतलं, कालवलं, वाटलं — संपलं. तेवढ्यात काय होतं?

काल्याच्या सकाळी सुमनबाई मडकी घेऊन देवळात आल्या. आंघोळ करून, काठाचं लुगडं नेसून. गंज पाहून त्या थबकल्या. फडकं बांधलेलंच होतं.

"कलई केली ना वो?"

"केली, बाई. परवाच."

"नाई तं मडक्यातच राहू देऊ. मले काही गंजाचं कौतुक नाही."

"केली म्हणते ना," मी म्हणाले. जरा चिडूनच म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. वंदनानं सांगितलं म्हणजे झालंच असणार. दही मी माझ्या हातानं ओतून घेतलं, झाकण घातलं.

अर्ध्या तासात संपलं नाही. कीर्तनकार त्या दिवशी रंगात आले. गोकुळातून बाहेर यायलाच तयार नव्हते. लोक डोलत होते, आणि मी खांबाशी उभी राहून झाकणाकडे बघत होते. ऊन चढत होतं. मला वाटलं, पुढे जावं आणि गंज उलटा करावा. काही कारण सांगता आलं असतं — मांजर शिवलं, पाल पडली. मी जागची हलले नाही. कीर्तन मोडलं असतं तर सगळं गाव माझ्याकडे वळून बघणार होतं.

काला वाटायलाही मीच होते. इंदूबाईंनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. त्या म्हणाल्या, "तोंडाले कसंतरीच लागते वो."

इथे मी गप्प बसले, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. गप्प बसणं ही चूक आहे, पण ती माणसाकडून होते, असंही सांगत आले.

मी गप्प बसले नव्हते. मी म्हणाले, "दही जरा जुनं असेल."

सुमनबाई तिथेच होत्या. त्यांनी ऐकलं. 

पुढचं भराभर झालं. मुलांना उलट्या सुरू झाल्या. मग म्हाताऱ्यांना. इंदूबाईंचा नातू — तेव्हा तो बालवाडीत होता — निपचित पडला. गाड्या काढल्या, लोकांना साकोलीच्या दवाखान्यात हलवलं. कोण कुठल्या गाडीत बसणार, कुणासोबत कोण जाणार, सगळं मीच सांगत होते. आवाज चढवून, ठामपणे. आणि गाड्या निघून देऊळ रिकामं झालं तेव्हा मी उरलेला काला देवळामागे खड्डा करून पुरला. प्रसाद असा फेकत नाहीत, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट नंतर लोक म्हणाले की बाईचं लक्ष किती, दुसऱ्या कुणी खाऊ नये म्हणून तेवढ्या धांदलीतही आठवणीनं पुरलं. गंज हातपंपावर नेऊन राखेनं घासला. बुडाशी हिरवट कड आली होती. ती जाईपर्यंत घासत राहिले. पुढच्या आठवड्यात एकटीच जाऊन साकोलीहून कलई करून आणली. त्यानंतर कुणी गंजात डोकावलं असतं तर आतून पांढरा शुभ्र दिसला असता.

देवाच्या दयेनं सगळे बरे झाले. नातू दोन दिवस सलाईनवर होता, मग घरी येऊन अंगणात धावायला लागला. आज तो कॉलेजात आहे आणि मला "काकू" म्हणून वाकून नमस्कार करतो. 

मग देवळात मंडळ बसलं. इंदूबाई संतापलेल्या होत्या, आणि त्यांचा संताप खोटा नव्हता. कुणी म्हणालं दूध मिसळीचं होतं, कुणी म्हणालं मडकी नीट धुतली नसतील. सुमनबाई मान खाली घालून बसल्या होत्या. एक-दोघी म्हणाल्या, यांना काही दिवस येऊच देऊ नका. तेव्हा मी उभी राहिले.

मी म्हणाले, "चूक कुणाच्याही हातून होते. त्यांनी आपल्यासाठी काय केलं ते विसरू नका. त्यांना मंडळातून काढायचं नाही."

बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मोठ्या मनाचं कौतुक झालं. वाचताय ना? जिची काही चूक नव्हती तिला मी सगळ्यांसमोर माफ केलं.

त्यानंतर सुमनबाई पुढे बसेनाशा झाल्या. दाराजवळ बसायच्या — मी नवी नवरी असताना जिथे बसले होते, साधारण तिथेच. प्रसाद करायच्या कामाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही, आणि कुणी लावायलाही सांगितलं नाही. काल्याचं दही डेअरीतून पिशव्यांत यायला लागलं. ते मागवायचं कामही माझंच. गावात एक थट्टा सुरू झाली. कुणाचं पोट बिघडलं की म्हणायचं, "सुमनबाईचं दही खाल्लं काय बे?" पोरं म्हणायची, मोठेही म्हणायचे. एकदा लग्नाच्या मांडवात कुणीतरी हे त्यांच्या देखत म्हटलं. सगळे हसले. त्याही हसल्या. मीही हसले — हसले नसते तर कुणाला शंका आली असती.

तुम्हाला वाटेल इतक्या वर्षांत भीती कमी झाली असेल. तिची फक्त सवय झाली. साकोलीला गेले की मी कलईवाल्याच्या गल्लीतून जात नाही. लांबून बाजाराकडे वळते. तो सायकलवाला अजून आहे. कधी एखाद्या लग्नात तो समोर येईल आणि म्हणेल, "त्या दिवशी तुम्ही गंज घेऊन परत गेल्या होत्या ना?" — एवढंच, सहज, काही मनात नसताना. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी लिहिलं की "वंदनाबाई, थोडं बोलायचं आहे," तर पुढचा मेसेज येईपर्यंत मी फोन खाली ठेवत नाही. बोलायचं असतं ते सतरंजीबद्दल. भजनाच्या मध्येच बायका एकदम शांत झाल्या तर मला वाटतं, कळलं. दर वर्षी सप्ताह जवळ आला की झोप उडते. मी सगळ्यांना सांगते, कामाचा ताण आहे.

मला कशाची भीती वाटते? पोलिसांची नाही, गावाच्या बोलण्याचीही फार नाही. माझ्या शेतात चिखलात वाकून हरिपाठ म्हणणाऱ्या त्या बायका — त्या माझ्याकडे पाहतील आणि त्यांना दुसरंच कुणी दिसेल. त्यांनी घडवलेली मी त्यांनाच परकी दिसेन. हीच भीती आहे.

गेल्या दिवाळीनंतर सुमनबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांच्याकडे रोज कुणी डबा न्यायचा ते मीच वाटून दिलं होतं. माझ्या वाट्याच्या दुपारी मी गेले. सून शेतावर गेली होती. सुमनबाईंनी डबा बाजूला ठेवला, आत गेल्या आणि चाचपडत एक वाटी घेऊन आल्या. दही होतं.

"चाखून सांग," त्या म्हणाल्या. "बरं आहे काय?"

मी विचारलं, कुणी लावलं. त्या म्हणाल्या, त्यांनीच. घरात सून लावते. त्या फार दिवसांनी लावून बघत होत्या. नातवंडांना द्यायचं तर आधी कुणीतरी मोठ्यानं चाखलेलं बरं. स्वतःच्या जिभेवर आता त्यांचा भरवसा नव्हता.

मी चाखलं. चांगलं आहे म्हणून सांगितलं. त्या माझ्यासमोर बसल्या. डोळ्यावर हिरवी पट्टी होती, त्यामुळे त्यांना माझा चेहरा नीट दिसत नसावा.

"तुले एक सांगाचं होतं," त्या म्हणाल्या. "तवाच सांगाचं होतं. त्या काल्यानंतर मी लय विचार केला. गंजाचं तं कारण नव्हतं, कलई तुनं केली होती. दूध मी सोता तापवलं होतं. मंग राहिलं काय? माझंच विरजण. काही तरी माझ्याच हातानं झालं. इतकी पोरं पडली, आनं तरी तू माझ्यासाठी उभी राहिली. तू नसती तं मंडळानं मले दारात उभं केलं नसतं. तुझे उपकार आहेत वो."

त्यांनी हात जोडले.

तेव्हा मी काय केलं? मी त्यांचे हात धरून खाली केले आणि म्हणाले, "असं काय म्हणता बाई." लोक असंच म्हणतात ना, उपकार मान्य करताना? मी ते उपकार घेतले. मग वाटी धुऊन ठेवली आणि घरी आले.

तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणते आहे. आणि तरीही मागच्या महिन्यात पुन्हा एकदा तेच झालं.

यंदाच्या सप्ताहाची कामं वाटायला मंडळ बसलं होतं. मी ठरवून गेले होते. दह्यावर आले आणि म्हणाले, यंदा दही सुमनबाईंनी लावावं.  इंदूबाई आता थकल्या आहेत, पण जीभ तशीच आहे. त्या म्हणाल्या, "लावू दे बापा. दवाखाना कुठं दूर आहे." हसू झालं. त्यात राग राहिलेला नव्हता, नुसती जुनी सवय होती.

सुमनबाई दारातून म्हणाल्या, "नोको वो वंदना. माझ्या हातचं नोको. तू हाय म्हणून म्हणतेस, पण मलेच भेव वाटते."

त्यांना स्वतःच्या हाताची भीती वाटते. माझ्यासारखीच त्यांनीही इतकी वर्षं ती अंगावर बाळगली — फरक एवढाच, की त्यांची भीती मी दिलेली होती. तोंड उघडायला याहून सोपी वेळ मला मिळणार नव्हती. सगळ्या समोर होत्या. मी म्हणाले, "बरं." आणि पुढच्या कामावर गेले. लाह्या कुणाकडे, ते ठरवलं.

त्या दिवशी घरी येऊन दह्याच्या कामापुढे डेअरी असं लिहिलं.

सप्ताह आता तोंडावर आहे. काल ग्रुपवर लिहिलं की गुरुवारी हरिपाठाआधी मला थोडं बोलायचं आहे, सगळ्यांनी यावं. इंदूबाईंनी नातवाकडून लिहवून उत्तर पाठवलं — "काऊन, नवा गंज देऊन राहिली काय?" सुमनबाईंकडे फोन नाही. त्यांच्या घरी मी बुधवारी जाईन, म्हणजे त्यांना देवळात, चारचौघींत, पहिल्यांदा ऐकावं लागणार नाही. हे कागद सोबत नेईन. बोलताना माझं तोंड ऐनवेळी दुसरंच काहीतरी बोलतं, हे तुम्ही पाहिलंच आहे. त्यानंतर मंडळ काय ठरवेल ते मंडळ ठरवेल.

एक राहिलं आहे. ते शेवटी ठेवलं, कारण त्याच्याकडे जायचा रस्ता मला सापडत नव्हता.

त्या काल्याच्या सकाळी मडकी गंजात रिकामी केल्यावर एका मडक्याच्या बुडाशी थोडं दही उरलं होतं. मी पहाटेपासून उपाशी आहे हे सुमनबाईंनी पाहिलं होतं. त्यांनी ते खरवडून वाटीत काढलं आणि माझ्या हातात दिलं. नैवेद्याचं गंजात गेलं होतं, हे मडक्याचं होतं. मी उभ्या उभ्या सगळं संपवलं. काला मात्र मी खाल्ला नाही. वाटण्याच्या गडबडीत राहिला असं लोकांना वाटलं.

संध्याकाळी दवाखान्याच्या ओट्यावर सुमनबाई एकट्या बसल्या होत्या. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन पोचले तशा त्या उठून माझ्याकडे आल्या. माझा दंड धरला. 

"वंदना, तू मडक्यातलं खाल्लं होतं. गंजातलं नाही. खरं सांग — तुले काही झालं काय?"

त्यांना दोष दुसऱ्या कुणावर टाकायचा नव्हता. आपलं दही चांगलं होतं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आणि ते सांगू शकणारी जगात एकच बाई होती. मी ठणठणीत होते. सकाळपासून धावत होते.

मी पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "मलाही मळमळतंय, बाई."

त्यांचा चेहरा पडला. पण तो क्षणभरच. मग त्यांनी माझ्या हातातल्या बाटल्या काढून घेतल्या, मला ओट्यावर बसवलं, पदरानं माझं कपाळ पुसलं, आणि पाठीवरून हात फिरवत आत नर्सला हाक मारली, "इकडं या वो बाई. आमच्या वंदनाले पहा आधी."